वरचं अर्धं घर

आर्किटेक्टने दोन नकाशे हातात ठेवले आणि म्हणाली, "लगेच काही ठरवू नका. थोडे दिवस दोन्ही डोळ्यांसमोर असू द्या." दोन्हींचं क्षेत्रफळ एकच, 120 चौरस मीटर, म्हणजे साधारण 1300 चौरस फूट. खोल्याही तेवढ्याच. एकात बैठं घर, जमिनीवर ऐसपैस पसरलेलं. दुसऱ्यात खाली 60, वर 60 आणि मधे जिना. प्लॉट अरुंद असता तर वर चढण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. पण आमच्या जागेवर दोन्ही घरं बसत होती, आणि त्यामुळे निर्णय पूर्णपणे आमच्यावर येऊन पडला.

मी दुमजली घरात वाढले. वरची छोटी खोली माझी होती, आणि खिडकीतून झाडांचे शेंडे दिसायचे. त्यामुळे मनाचा कल कुठे होता हे वेगळं सांगायला नको. नवराही दुमजलीच्याच बाजूने, पण त्याचं कारण हिशेबाचं: छत निम्मं, पाया निम्मा, म्हणजे खर्च कमी.

तो हिशेब मी स्वतः मांडून पाहिला. कारण या बाबतीत ज्याला विचारावं तो ठामपणे काहीतरी सांगतो, आणि पुरावा म्हणून स्वतःचं घर दाखवतो. सोपं जावं म्हणून घर अगदी चौरस धरलं आणि मजल्याची उंची 3 मीटर. स्लॅब दोन्हीकडे सारखाच निघाला: बैठ्या घरात 120 चौरस मीटरचा एक, दुमजलीत 60-60 चे दोन. पाया आणि उघडं छत दुमजलीत खरोखरच निम्मं. पण बाहेरच्या भिंती वाढतात. बैठ्या घराचा घेर 44 मीटरच्या आसपास, त्याच्या भिंती झाल्या 131 चौरस मीटर. दुमजलीचा घेर 31 मीटर, पण उंची दुप्पट, म्हणून भिंती 186. छत आणि भिंती मिळून ऊन-पाऊस झेलणारा भाग एकीकडे 251 चौरस मीटर आणि दुसरीकडे 246. इतकी बरोबरी निघेल असं मला वाटलं नव्हतं.

खरा फरक पडतो तो जमिनीखाली. टणक थर खोलवर असेल, माती फुगणारी असेल, तर पायाचा खर्च वाढत जातो आणि तिथे निम्मा पाया ही मोठीच बचत. मात्र त्या निम्म्या पायावर भार जास्त येतो. साडेबारा सेंटिमीटर जाडीचा काँक्रीटचा स्लॅब चौरस मीटरला 300 किलोंच्या वर भरतो. आमच्या वरच्या मजल्याच्या 60 चौरस मीटरचे जवळजवळ 19 टन झाले, भिंती आणि माणसं धरायच्या आधीच. शिवाय दुमजलीला उंच परांची लागते, नळ वर न्यावे लागतात, आणि वरच्या बाथरूमखाली कोणाची झोपायची खोली आली तर गळतीची धास्ती कायमची. म्हणून बाथरूमच्या डोक्यावर बाथरूम घ्यायचं, हा नियम. बैठ्या घरात वॉटरप्रूफिंग करायचं क्षेत्र दुप्पट. सगळी बेरीज-वजाबाकी करून दोन्ही आकडे इतके जवळ आले की नवऱ्याने स्वतःच वही मिटली. दुसऱ्या कोणाच्या जमिनीवर हाच हिशेब वेगळा निघेल, तेव्हा आमचे आकडे कोणी उचलू नयेत. पण आपले मांडल्याशिवाय 'स्वस्त पडतं' या शब्दांवर विश्वासही ठेवू नये.

उष्णतेचं थोडक्यात. उन्हाचा सर्वांत मोठा मारा छतावर असतो. दुमजली घरात वरच्या खोल्या तो झेलतात आणि खालच्या खोल्या त्यांच्या सावलीत राहतात. बैठ्या घरात प्रत्येक खोलीच्या डोक्यावर छत, त्यामुळे छताखाली चांगलं इन्सुलेशन घालण्यात काटकसर करून चालत नाही. उलट त्याच छतामुळे घराच्या अगदी मधल्या खोलीतही वरून उजेड घेता येतो, आणि हे दुमजलीच्या तळमजल्याला सहसा जमत नाही. थंड हवेत राहणाऱ्यांसाठी दुमजलीचा आटोपशीर आकार फायद्याचा. त्यातली गरम हवा जिन्यावाटे वर जाते आणि वरच्या खोल्या उबदार राहतात. पण आग लागली तर धूरही त्याच वाटेने, धुराड्यातून चढावा तसा चढतो. बैठ्या घरात खिडकीतून बाहेर पडता येतं.

हे सगळे मुद्दे तोलून झाल्यावर मी जिन्याकडे वळले, आणि माझं मत हळूहळू बदललं ते तिथे.

नकाशावर जिना अगदी लहान दिसतो, समांतर रेघांचा एक पट्टा आणि वर बाण. मी त्याचं माप काढलं. मजल्यापासून मजल्यापर्यंत 3 मीटर चढायचं, तर जवळपास पावणेसतरा सेंटिमीटरच्या 18 पायऱ्या होतात. मधे लँडिंग घेऊन दोन वळणांत बसवलं तरी साधारण 2 मीटर रुंद आणि सव्वातीन मीटर लांब जागा लागते, साडेसहा चौरस मीटरच्या आसपास. आणि ती खालीही जाते, वरही जाते. दोन्ही मिळून 13 चौरस मीटर म्हणजे एक चांगली खोली. जिन्याखाली कपाट होतं हे खरं, पण 1300 चौरस फुटांचं दुमजली घर राहायला 1300 चौरस फुटांचं उरत नाही, हे घर घेणाऱ्याला आधी कळायला हवं.

जिन्याचं गणित माणसं फार पूर्वीपासून करत आली आहेत. फ्रांस्वा ब्लाँदेल नावाच्या फ्रेंच वास्तुकाराने 1675 च्या सुमारास एक नियम मांडला: पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक पायरीची रुंदी मिळून 24 इंच भरावं. ते तेव्हाचे फ्रेंच इंच, आजचे सुमारे 65 सेंटिमीटर. माणसाचं सपाटीवरचं पाऊल त्याने मोजमापाला घेतलं आणि चढताना ते जेवढं आखडतं तेवढं वजा केलं. आजही 60 ते 64 च्या दरम्यान हाच नियम वापरतात. आमच्या नकाशातला जिना साडेबासष्टला थोडा कमी, म्हणजे उत्तम होता.

मग आर्किटेक्टने मला एक बांधकाम चालू असलेलं घर दाखवायला नेलं. जिन्याच्या तळाशी वाकून तिने टेप लावला. पहिली पायरी साडेबारा सेंटिमीटर, दुसरी साडेसोळा, तिसरी साडेसोळा, आणि सर्वांत वरची साडेवीस. मिस्त्रीने जिना ओतला तेव्हा सगळ्या पायऱ्या सारख्याच होत्या. नंतर दोन्ही मजल्यांवर मसाला घालून फरशी बसवली, जमीन 4 सेंटिमीटरने वर आली, आणि जिन्याच्या पायऱ्यांवर अजून काहीच बसवलेलं नव्हतं. तिथे पायऱ्यांवर पातळ दगड चिकटवायचं ठरलं होतं. तो सगळ्या पायऱ्यांवर सारख्याच जाडीचा बसला तर खालची पायरी थोडीफार सुधारते, वरची थोडी उतरते, पण फरक राहतोच. "पाय दोन पायऱ्यांत उंची शिकतो," ती म्हणाली, "आणि मग बघायचं सोडून देतो. म्हणून माणूस पडतो तो पहिल्या नाहीतर शेवटच्या पायरीवर, आणि चढतानापेक्षा उतरताना जास्त." मी त्या जिन्यावरून उतरले तेव्हा पायऱ्या माहीत असूनही शेवटी पाऊल जमिनीवर आदळलं.

जिना बांधणार असाल तर हे एक काम कराच: फरशीची पूर्ण जाडी आधी ठरवा, आणि जिना ओतायच्या आधी ती मिस्त्रीच्या वहीत लिहून घ्या. दोन्ही बाजूंना कठडा घ्या. जिन्याच्या दोन्ही टोकांना दिव्याचं बटण घ्या.

उत्तम बांधलेल्या जिन्याबद्दलही मला एक गोष्ट सलत राहिली, आणि ती माझ्या मावशीची आहे. मावशीने काकांच्या बरोबरीने उभं राहून दुमजली घर बांधलं. वरची खोली तिने हौसेने सजवली होती. मग गुडघे गेले. मुलांनी खालच्या बैठकीत तिचा पलंग लावला, सगळं प्रेमाने केलं, काही कमी पडू दिलं नाही. एकदा मी वरून खाली आले तर तिने विचारलं, "वरच्या खिडकीला पडदे कोणते आहेत गं आता?" मी रंग सांगितला. ती म्हणाली, "म्हणजे बदलले." बस, एवढंच. तक्रार नव्हती. ज्या खोलीची ती मालकीण, त्या खोलीची खबर तिला पाहुण्यांकडून घ्यावी लागत होती. कोणी तिच्याकडून घर काढून घेतलं नव्हतं, तरी तिच्या वाट्याला निम्मंच उरलं होतं.

आणि यात फक्त म्हातारपण नाही. पाय मोडलेला तरुण, बाळंतपणातून उठलेली बाई, कडेवर झोपलेलं मूल घेतलेला बाप, दोन वर्षांचं रांगतं-धावतं मूल, सगळ्यांसाठी जिना काही काळ भिंत होऊन बसतो. आयुष्यातले असे काळ मोजायला घेतले तर ते अपवाद वाटत नाहीत.

"लिफ्ट बसवता येईल की नंतर," नवरा म्हणाला. येते, आणि त्याची तयारी आधी करता येते: खालच्या आणि वरच्या मजल्यावर एकाच्या डोक्यावर एक अशी दोन मोठी कपाटं ठेवायची आणि मधला स्लॅब तेवढ्यापुरता नंतर काढता येईल असा ओतायचा. ब्रिटनमध्ये 'लाइफटाइम होम्स' नावाचे जे निकष तयार झाले त्यात अशा जागेची तरतूद होती, आणि प्रवेशाच्या मजल्यावर संडास व झोपण्यापुरती जागा असावी असंही होतं. दुमजली घर बांधणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन. खाली एक खरी झोपायची खोली आणि अंघोळ करता येईल असं बाथरूम हवंच. 'पाहुण्यांसाठी' म्हणून कोंबलेली कोपऱ्यातली खोली यात धरू नये. उताराचा मार्ग घरात काढणं मात्र विसरा. व्हीलचेअरसाठी उतार एकास बारा लागतो. 3 मीटर चढायला 36 मीटर, म्हणजे आमच्या अख्ख्या घराच्या लांबीच्या तिपटीहून जास्त.

या शोधात दोन घरांबद्दल वाचलं आणि ती दोन्ही मनात घर करून बसली. अमेरिकेतल्या रॉकफर्ड गावात वास्तुकार फ्रँक लॉइड राइटने व्हीलचेअर वापरणाऱ्या एका माजी सैनिकासाठी घर बांधलं. 1952 मध्ये ते कुटुंब तिथे राहायला गेलं. ते बैठं आहे. बागेच्या बाजूला कमानीसारखी वळलेली काचेची लांब भिंत, रुंद वाटा, हाताशी येणारी बटणं. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांची उंची धरून ते आखलेलं आहे, त्यामुळे आत येऊन उभं राहणाऱ्यापेक्षा खुर्चीत बसलेल्याला ते घर जास्त चांगलं दिसतं. दुसरं घर फ्रान्समध्ये बॉर्दोजवळच्या टेकडीवर, डच वास्तुकार रेम कूल्हासच्या कार्यालयाने केलेलं, 1998 मध्ये पूर्ण झालेलं. त्याचा मालकही अपघातानंतर व्हीलचेअरवर आला होता. त्याला साधं सोपं घर नको होतं, कारण यापुढे घर हेच त्याचं जग होणार होतं. म्हणून ते तीन मजली झालं. त्याच्या मधोमध 3 मीटर बाय साडेतीन मीटरचा एक चौथरा वर-खाली जातो. त्यावर त्याचं कामाचं टेबल. शेजारी तिन्ही मजल्यांना भिडलेलं पुस्तकांचं कपाट, ज्याच्या प्रत्येक खणापर्यंत तोच पोचू शकतो. चौथरा ज्या मजल्यावर थांबतो तो मजला पूर्ण होतो, आणि तिथून निघाला की त्या मजल्यात पोकळी राहते.

एक बैठं, एक तीन मजली. मी दोन्हींपुढे आदराने उभी आहे. दोन्ही ठिकाणी चढू न शकणारा माणूस नकाशाच्या मधोमध आहे, पहिल्या रेघेपासून. आपल्याकडे खोलीएवढी लिफ्ट बसवायला जागा आणि तेवढं बळ नसतं, तेव्हा साध्या माणसाला हे साधायचं असेल तर जमीन हाच सर्वांत सरळ मार्ग आहे, असं माझं मत झालं.

पण मग वरचा मजला जे देतो त्याचं काय? ते खोटं नाही. मुलगा बारावीच्या वयाला येतोय आणि त्याला आमच्यापासून लांब असण्याची गरज आहे. मला लिहिताना शांतता लागते. दुमजली घरात हे अंतर फुकट मिळतं: तुम्ही वर गेलात की खाली लोकांना कळतं, की तुम्हाला हाक मारायची नाही. पसारा वर राहतो, येणारे-जाणारे खाली. झाडांचे शेंडे दिसतात. वरची खिडकी रात्री निर्धास्त उघडी ठेवता येते. आणि ज्या जमिनीत पूर चढतो तिथे वरचा मजला हा थेट जिवाचा प्रश्न आहे. तिथे माझा सगळा युक्तिवाद गैरलागू. जागा लहान आणि त्यावर जुनं झाड असेल तरी मी वर जाईन, झाड तोडणार नाही.

मात्र शांततेबद्दल एक दुरुस्ती. वर जाणाऱ्याला शांतता मिळते, खालच्याला मिळेलच असं नाही. काँक्रीटचा स्लॅब बोलण्याचा आवाज बराच अडवतो, पण टाचेचा आघात, ओढलेली खुर्ची, पडलेली वाटी हे थेट स्लॅबमधूनच उतरतं. त्यावर उपाय फरशीखाली मऊ थर घालण्याचा, आणि तो बांधतानाच घालावा लागतो. नंतर खालून कितीही फॉल्स सीलिंग केलं तरी आवाज भिंतींतून वाट काढतो.

शेवटी आम्ही आर्किटेक्टला एकच विनंती केली: हे अंतर आम्हाला जमिनीवर काढून द्या. तिने बैठ्या घराचा नकाशा पुन्हा काढला. चौरस मोडून इंग्रजी एल अक्षरासारखा केला, एका बाहूत बैठक आणि स्वयंपाकघर, दुसऱ्यात झोपायच्या खोल्या, कोपऱ्यावर माझी लिहायची खोली. राइटने 1936 पासून बांधलेल्या छोट्या, परवडणाऱ्या बैठ्या घरांत हीच मांडणी पुष्कळ वेळा वापरली. एल केल्याने भिंतींची लांबी वाढली आणि खर्चही, त्यामुळे माझा चौरसाचा हिशेब तिथेच मोडला. नवऱ्याने तो पुन्हा मांडला, वाढलेला आकडा बघितला आणि मान डोलावली. मुलाच्या खोलीपासून बैठकीपर्यंत आता लांब पडवीसारखी वाट आहे आणि मधे दोन दारं. माझ्या खोलीचं छत उंच घेतलं आहे, वर पूर्वेकडे खिडकी, म्हणजे बसल्या जागेवरून झाडाचा वरचा भाग दिसेल.

प्लॉटवर फक्कीने रेघा आखल्या त्या दिवशी सासूबाईही आल्या. बैठ्या घराची ही एक गंमत आहे की ते बांधायच्या आधी पूर्ण चालून बघता येतं. त्या काठी टेकत पांढऱ्या रेघांमधून सगळ्या खोल्यांत जाऊन आल्या. मुलाच्या खोलीत उभं राहून त्यांनी त्याला विचारलं, पलंग कुठे ठेवणार? त्याने दाखवलं. त्या म्हणाल्या, "तिथे नको, दारातून थेट दिसशील." दोघांचा त्यावर बराच वेळ वाद चालला, आणि पलंग दुसऱ्या भिंतीला गेला.

"पुढेमागे मजला चढवायचा आहे का?" असं स्ट्रक्चरल इंजिनिअरने विचारलं. असा विचार असेल तर पाया आणि कॉलम आजच त्या भाराचे करावे लागतात, नुसत्या सळ्या वर काढून ठेवल्याने काही होत नाही. उघड्या सळ्या पावसात गंजतात आणि त्यांच्या बुडाशी पाणी मुरतं ते वेगळंच. पाया मजबूत करून, सळ्या काँक्रीटमध्ये झाकून ठेवता येतील, असं त्याने सांगितलं. मुलाने "हो" म्हटलं. आम्ही पाया तसा करतोय. पुढच्या माणसाला वर जायचं असेल तर आम्ही त्याला का अडवावं?

आता वाद उरला आहे तो जोत्याच्या उंचीचा. बैठं घर म्हटलं की पायऱ्या संपल्या असं नसतं. दारातल्या तीन पायऱ्याही व्हीलचेअरला अडवतात. 45 सेंटिमीटरचं जोतं केलं तर दारापर्यंत 5.4 मीटरचा उतार लागतो, 60 केलं तर 7.2 मीटरचा आणि तो पुढच्या अंगणाचा मोठा भाग खातो. इंजिनिअर पाण्याच्या भीतीने 60 म्हणतोय. आर्किटेक्ट म्हणते, 45 करू आणि भोवतालच्या जमिनीला घरापासून लांब उतार देऊ, पाणी चराने काढून देऊ. मी 45 च्या बाजूने आहे, पण येत्या पावसात पाणी त्या जागेवर किती थांबतं हे बघूनच आम्ही आकडा पक्का करणार आहोत.